फांदीला दोर

संक्रांत मागं पडली की आमच्या अवसरी खुर्दच्या बांधांवर काही माणसं माना वर करून हिंडायला लागतात. ती पाखरं बघत नसतात, चिंचा जोखत असतात. बुंध्याभोवती एक फेरी मारायची, दोनचार फांद्यांकडे बोट करायचं, खाली पडलेली एखादी चिंच फोडून गर जिभेवर ठेवायचा आणि मग सगळ्या झाडाचा मिळून एकच आकडा सांगायचा. उक्ता. मालक मान हलवतो, व्यापारी थोडा वर सरकतो, चहा होतो आणि झाड त्या हंगामापुरतं त्याचं होतं.

या सौद्यात बारीकसारीक सगळं धरलेलं असतं. गर किती निघेल, चिंचोका किती जाईल, टेम्पो कुठपर्यंत येईल, वेचायला बायका किती लागतील, त्यांचा रोज काय. मंचरच्या बाजारात काय भाव चाललाय हे तर दोघांनाही ठाऊक असतं. पण झाड किती उंच आहे, हा प्रश्न त्यात माल किती निघेल एवढ्यासाठीच येतो. वर जो चढणार आहे त्याच्या बाजूनं ती उंची कुणी मोजल्याचं मी पाहिलेलं नाही.

चिंच झोडण्याचं काम लांबून मजेचं दिसतं. वर एकदोघं, हातात वेळूची लांब काठी, खाली पसरलेली पोती आणि त्यावर बदाबदा पडणाऱ्या चिंचा. जवळ जाऊन बघितलं की लक्षात येतं, काठी जोरानं मारायला दोन्ही हात लागतात. म्हणजे त्या घटकेला तो माणूस झाडाला धरलेला नसतोच. मनगटाएवढ्या फांदीवर दोन तळपाय आणि पाठीला टेकलेली दुसरी फांदी, एवढ्यावर सगळा कारभार. काठी हुकली तर तिच्याबरोबर अंगही पुढं जातं. शेंड्याकडचा माल सोडवत नाही, कारण उन्हातली चिंच तिकडंच चांगली पिकलेली असते, आणि तिकडंच फांदी बारीक असते.

झाड सवळणं, म्हणजे फांद्या छाटून उतरवणं, हे याहून अवघड काम. गोठ्यावर आलेली फांदी, विहिरीत पालापाचोळा पाडणारं झाड, उसावर सावली धरणारी बाभळ, असं काही असलं की आम्ही ज्यांना बोलावतो त्यांना सगळा गाव मामा म्हणतो. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, अंगात बंडी, पाय अनवाणी. कोयता पाठीमागं कमरेला खोचलेला. मामा झाडाखाली आल्या आल्या चढत नाहीत. आधी बुंध्याला हात लावतात, मग कुऱ्हाडीच्या तुंब्यानं दोन-तीन ठिकाणी ठोकून आवाज ऐकतात. भरीव आवाज आला तर पुढं, पोकळ आला तर झाडाला शिवी. मुंग्यांची रांग कुठं शिरते, ढोलीत काही आहे का, वर मोहोळ आहे का हे बघतात. आग्या मोहोळ असेल तर त्या दिवशी काम नाही, मालक कुणीही असो.

त्यांचं ज्ञान पुस्तकात नाही, पण पक्कं आहे. जांभळीवर पाय टाकायचा तो खोडाला चिकटून, कारण ती न वाकता काटकन मोडते. शेवग्यावर चढायचंच नाही. उंबर वरून गुटगुटीत दिसला तरी आतून सडलेला असू शकतो. आंब्याची साल पावसात निसरडी होते. चिंच मात्र चिवट. ती मोडण्याआधी वाकते, कुरकुरते, माणसाला सावध व्हायला वेळ देते. तिच्यात दगा देते ती वाळकी फांदी, आणि भर पानोळ्यात वाळकी फांदी खालून ओळखू येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात गोठ्यावरची फांदी उतरवायची होती. मामा वर गेले, आपल्याबरोबर सोल घेऊन गेले. चांगला जाडजूड दोर. फांदीच्या पुढच्या अंगाला त्यांनी त्याचा फास टाकला, दुसरं टोक वरच्या बेचक्यातून फिरवून खाली सोडलं, आणि खालच्या दोघांना सांगितलं, ‘‘बुंध्याला दोन येढं मारा अन् धरून ऱ्हावा, मी सांगितल्याबिगर सोडू नका.’’ फांदी तुटली, झोकांडली, दोरावर लोंबकळली आणि सावकाश खाली आली. गोठ्याच्या पत्र्याला साधा ओरखडा नाही. बघणारे खूष झाले. मीही झालो. मग नजर वर गेली. मामा तुटल्या फांदीच्या खोडक्याजवळ एका हातानं झाडाला धरून उभे होते, दुसऱ्या हातात कुऱ्हाड. फांदीला दोर होता. मामांना नव्हता.

त्याचं कारण अगदी सोपं आहे. पत्रा फुटला तर त्याची किंमत आम्हाला माहीत होती.

खाली आल्यावर मी म्हणालो, ‘‘मामा, एक दोर कमरेला पण घेत जा की.’’

मामा बिडी शिलगावत म्हणाले, ‘‘दोर घेतला की माणूस दोराच्या जीवावर ऱ्हातो. झाडाकडं बघत न्हाई.’’

हे बोलणं अडाणीपणाचं म्हणून उडवून लावण्यासारखं नाही. चुकीचा बांधलेला दोर खरोखरच वाईट. तो फांद्यांत अडकतो, पायात येतो, आणि जी फांदी तोडायची तिलाच बांधला गेला तर माणसाला बरोबर घेऊन जातो. शिवाय कमरेला नुसता दोर बांधून दोन हात ढिला सोडला, तर पडणारा माणूस दोन हात खाली येऊन कमरेतून हिसका खातो. बरगड्या, पोट, मणका, सगळ्यांना एकाच जागी मार. कधी दोर कमरेवरून सरकून काखेत येतो. म्हणजे मामांना ज्या दोराची भीती वाटते तो दोर भीती वाटण्यासारखाच आहे. प्रश्न दुसऱ्या दोराचा आहे, जो त्यांनी पाहिलेलाच नाही.

बांधकामावरच्या कामगारांच्या अंगावर पट्ट्यांचं जे जाळं दिसतं, खांद्यावरून, छातीवरून आणि मांड्यांभोवती गेलेलं, ते पडलेल्या माणसाचा हिसका सगळ्या अंगावर, मुख्यतः मांड्यांवर वाटून देतं. झाडावर मात्र तेही जसंच्या तसं पुरत नाही. त्याची कडी पाठीला असते, म्हणजे आधी पडायचं आणि मग पाठीवर टांगून घ्यायचं. झाडावर काम करणाऱ्याला पडूच न देणारी सोय हवी असते. बसता येईल असा मांड्यांना आणि कमरेला धरणारा पट्टा, पुढं आणि दोन्ही बाजूंना कड्या. डोक्याच्या वर, जाड आणि जिवंत बेचक्यातून आलेला दोर, आणि तो कायम ताणलेला. याशिवाय बाजूच्या कड्यांमधून खोडाभोवती फिरवलेला एक आखूड पट्टा, म्हणजे दोन्ही हात कामाला मोकळे राहतात. हातात कटर, म्हणजे यंत्राची करवत, असेल तर दोन ठिकाणी बांधलेलं असलंच पाहिजे, कारण कटर फांदीआधी दोर कापू शकतो. ब्रिटनमध्ये गेल्या काही वर्षांत दोन स्वतंत्र दोरांचाच आग्रह धरला जातो.

यातला वरच्या बेचक्यातून दोर टाकण्याचा भाग ऐकला की लोक म्हणतात, तिथं दोर न्यायला तरी चढावंच लागेल ना? नाही लागत. तिकडचे लोक बारीक दोरीला वजनाची पिशवी बांधून ती खालूनच बेचक्यात फेकतात, आणि मग तिच्या टोकाला जाड दोर बांधून वर ओढून घेतात. ज्या गावात ज्वारीच्या माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं उडवण्यात पिढ्या गेल्या, त्या गावातल्या हाताला ही फेक शिकवावी लागणार नाही. आणि खाली बुंध्याला दोन वेढे मारून दोर धरणारा माणूस? तो तर आमच्याकडे आधीपासून आहे. फांदीसाठी.

वीस फूट म्हणजे आमच्याकडच्या चिंचेची निम्मी उंचीही नव्हे. तिथून सुटलेला माणूस सव्वा सेकंदाच्या आत जमिनीवर येतो आणि येताना त्याचा वेग ताशी ३९ किलोमीटरच्या घरात असतो. आमच्या गावात २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे गणित तोंडी करता येईल. सव्वा सेकंदात माणूस दुसरी फांदी धरू शकत नाही. ‘पडताना धरली असती’ असं नंतर जे बोललं जातं, ते बोलायला वेळ असलेल्यांचं असतं.

तर मग दोर का नाही? पैसे नाहीत म्हणून, असं उत्तर चटकन येतं. मला ते पटत नाही. आता बहुतेक सवळणाऱ्यांकडे कटर असतो, आणि कटरच्या किमतीपुढं पट्टा आणि दोर किरकोळ आहेत. दोराची खरी किंमत वेळात आहे. पट्टा चढवायचा, दोर वर टाकायचा, एकदा फेकून नाही गेला तर परत फेकायचा, प्रत्येक फांदीला जागा बदलताना बांधाबांध करायची. एका झाडामागं तास-दीड तास सहज जातो. काम उक्तं असतं तेव्हा हा तास चढणाऱ्याच्या खिशातून जातो. दिवसात तीन झाडांऐवजी दोन झाली, तर तिसऱ्याचे पैसे त्याचे बुडाले. मालकाचं काहीच गेलं नाही. रोजावर माणूस घेतला की मालक घड्याळाकडं बघतो, उक्तं दिलं की माणूस स्वतःच घड्याळाकडं बघतो. आम्ही फांद्या उक्त्या देतो असं वाटतं, पण आम्ही घाई उक्ती देत असतो.

वर कौतुक असतंच. मामांसारखा चढणारा पंचक्रोशीत नाही, मामांना दोर कशाला, मामा म्हणजे वानर. आधी हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं आणि मग चिंचेच्या.

कायद्याकडं बघावं तर तिथं मजेशीर प्रकार आहे. महाराष्ट्रात १९६४ पासून वृक्षतोडीवर नियमन करणारा कायदा आहे. चिंच, आंबा, जांभूळ, हिरडा ही झाडं त्याच्या यादीत आहेत, आपल्या मालकीच्या बांधावरचं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. चांगलंच आहे ते. पण सगळा कायदा झाडाचा आहे, झाडावर चढणाऱ्याचा त्यात विचार नाही. पुणे-नाशिक रस्ता रुंद झाला तेव्हा कडेची जुनी झाडं गेली, त्यावर पुष्कळांनी हळहळून लिहिलं. ती झाडं उतरवणारी माणसं कशी चढली होती, हे कुणी लिहिल्याचं आठवत नाही. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला, त्यात उंचीवरच्या कामाची काळजी आहे. कुंपणाच्या आत इमारतीच्या परांचीवर उभा असलेला माणूस आणि कुंपणाबाहेर तेवढ्याच उंचीच्या फांदीवर उभा असलेला माणूस, दोघं एकाच वस्तीतले असू शकतात, भाऊ-भाऊसुद्धा. एकाला निदान कागदावर पट्टा आहे.

आणि भरपाईचं बघा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं शेतकऱ्यांसाठी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे. उंचावरून पडून मृत्यू झाला तर त्यात दोन लाख रुपये मिळतात. कुणाला? खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका सदस्याला. म्हणजे मी माझ्या चिंचेवरून पडलो तर माझ्या घरच्यांना आधार आहे. मी चढत नाही. जे चढतात त्यांच्या नावावर सातबारा नाही.

आमच्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, आहुपे, असाणे, भीमाशंकरच्या बाजूला आणि शेजारच्या जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात, झाडावर चढणं हे सगळ्या घराचंच काम आहे. एप्रिल-मे आला की बाळहिरडा. महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांचा वर्षाचा रोकडा पैसा बऱ्याच अंशी त्यावर. कोवळं फळ आपोआप गळत नाही. चढून, फांद्या हलवून, काठीनं पाडून गोळा करावं लागतं, मग उन्हात वाळवायचं. हिरड्याची झाडं उतारावर, कड्याच्या कडेला. वीस फुटांचं झाड आणि त्याखाली आणखी उतार. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा या भागातल्या हिरड्याचं फार नुकसान झालं. हिरड्याच्या नुकसानभरपाईसाठी लोकांना पुढं आंदोलनं करावी लागली. वादळानंतरचं झाड तर आणखी धोक्याचं. अर्धवट उन्मळलेलं खोड, दुसऱ्या झाडावर रेललेली फांदी, हे सगळं ताण धरून बसलेलं असतं. कोयता कुठं लावला म्हणजे ते कुठं उसळेल हे सराईतालाही सांगता येत नाही. फळांची भरपाई मागता येते, कारण फळं झाडाबरोबर मोजता येतात. फळं काढताना मोडलेल्या पायांची नोंद कुठल्या पंचनाम्यात होते?

हे असंच चालायचं, असं मानायचं कारण नाही. केरळात नारळावर चढायला माणसं मिळेनाशी झाली तेव्हा, २०११ साली, नारळ विकास मंडळानं तरुण मुलामुलींना पायात घालायच्या यंत्रानं चढायचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली आणि त्यांना अपघात विमाही दिला. यंत्र साधं आहे, कन्नूरकडच्या एका शेतकऱ्याच्या डोक्यातून आलेलं. त्यामुळे ज्यांनी माड कधी हातात धरला नव्हता अशा बायका चढायला लागल्या. आमच्या कोकणात दापोलीच्या कृषी विद्यापीठानं आंबे काढायचा ‘नूतन’ झेला तयार केला. लांब काठीच्या झेल्यानं जो आंबा खालून किंवा खालच्या फांदीवरून निघतो, त्यासाठी शेंड्याला जावं लागत नाही. न चढणं हे सगळ्यात चांगलं संरक्षण. पण माडाचं यंत्र सरळसोट खोडावर चालतं, वाकड्यातिकड्या चिंचेवर नाही, आणि झेल्यात हिरडा मावायचा नाही. चिंचेला, हिरड्याला सोसेल असा बसायचा पट्टा आणि चिंचेच्या खरखरीत सालीवर टिकेल असा दोर कुठला, हे पारखून द्यायचं काम आमच्याच गावातल्या महाविद्यालयाच्या कार्यशाळेत का होऊ नये? पोरं दर वर्षी प्रकल्प शोधतच असतात.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. अमेरिकेत १९७६ पासून झाडावर चढणाऱ्या कामगारांची स्पर्धा भरते, आता ती जागतिक झाली आहे. बैलगाडा शर्यतींसाठी घाट गाजवणाऱ्या आमच्या भागाला स्पर्धेचं वेड सांगायला नको. पण त्या स्पर्धेचा मूळ हेतू वेगळा होता. झाडावर अडकलेल्या, बेशुद्ध पडलेल्या सोबत्याला खाली कसं आणायचं, हे कामगारांनी शिकावं म्हणून ती सुरू झाली. त्यात आजही एक फेरी तीच असते. वर एक बाहुला टांगलेला, ठरल्या वेळात त्याला इजा न होऊ देता जमिनीवर आणायचं. कारण दोरानं वाचलेला माणूस दोरावर लोंबकळत राहिला, तर रक्त पायात साचून थोड्याच वेळात त्याच्या जिवावर बेततं. म्हणून वर एक असेल तर खाली निदान एक असा हवा, ज्याला त्याला उतरवता येतं. आमच्याकडे खाली असतात ते फांद्या ओढणारे.

आणि पडलाच तर? इथं आमची माया घात करते. पडलेल्या माणसाला आम्ही आधी उठवून बसवतो, पाणी पाजतो, मग मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून मंचरला नेतो. मणका मोडलेला पण मज्जारज्जू शाबूत असलेला माणूस या प्रवासात कायमचा पांगळा होऊ शकतो. त्याला हलवायचं नाही. मान, पाठ, कंबर एका रेषेत ठेवायची, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरायचं, आणि १०८ ला फोन करायचा. उचलावंच लागलं तर तीन-चार जणांनी एकदम, एक सांगेल तसं, आणि फळीवर किंवा काढलेल्या दारावर. बाजेवर नाही, बाज मधे झोळ धरते. पायाची बोटं हलतात का ते विचारायचं, पाणी पाजायचं नाही. एवढं चारजणांना ठाऊक असलं तरी एखाद्याचं उरलेलं आयुष्य बदलतं.

तारांचा विषय वेगळाच आहे. पावसाळ्याआधी महावितरणची माणसं फांद्या छाटतात ती वीज बंद करून. आपण मात्र ‘जरा लांब आहे’ म्हणून ओल्या फांदीला तारेजवळ हात घालायला लावतो. ते काम मामांचं नाहीच, त्यांना सांगूच नये.

मामा अजून कामं घेतात. पट्ट्याचं मी पुन्हा काढलं तेव्हा म्हणाले, ‘‘आणा तर खरं, बघू घालून.’’ तेवढ्यानं काही होत नाही हे मलाही कळतं. पट्टा आणून दिला आणि काम उक्तंच ठेवलं, तर तो गोठ्याच्या खुंटीला लटकत राहील. म्हणून यंदा झाड सवळायला द्याल तेव्हा सौदा रोजावर करा, नाहीतर बांधाबांधीचा तास धरून पैसे जास्त द्या आणि तसं बोलून द्या. पट्टा आणि दोर मालकानं आणावा, गोठ्यातला कासरा काढून देऊ नये. वारा-पाऊस असेल तर दिवस पुढं ढकलावा आणि त्याबद्दल कुरकुर करू नये. आणि वर चढणाऱ्याचं बँकेत खातं असेल तर त्याला प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्ज भरून द्या. अठरा ते सत्तर वर्षांच्या कुणालाही हा विमा काढता येतो, अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात, आणि वर्षाचा हप्ता वीस रुपये आहे.